मंदाचं तिकीट आणि हवाईचा ज्वालामुखी

मैत्रिणींनो, आज सकाळीच माझं डोकं तापलं. शेजारच्या मंदाची लेक हवाई बेटावर असते. तिचं बाळंतपण तोंडावर आलंय आणि मंदाचे यजमान, वसंतभाऊ, मंदाचं तिकीट रद्द करायला निघाले!

"टीव्हीवर पाह्यलं मी. तिथं ज्वालामुखी फुटून राह्यला. मंदाले नाई धाडत!"

कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी पट्टी हातात धरून शिकवलेला भूगोल मी वाया जाऊ देईन का? दोघांना स्वयंपाकघरात आणलं. एका शेगडीवर पातळ कढी होती, दुसरीवर घट्ट पिठलं.

"भाऊ, वाळूत असते ती सिलिका मॅग्मात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, जास्त असली, की तो या पिठल्यासारखा घट्ट होतो. वायू आत कोंडतो आणि स्फोट होतो. सिलिका कमी असली, की कढीसारखा पातळ. वायू निसटतो, लाव्हा बहुतेक नुसता वाहतो. हवाईचा तसाच आहे. आपल्या वर्ध्याचा काळा दगडही असाच वाहत आलेला. शिवाय लेकीचं घर ज्वालामुखीपासून कितीतरी लांब आहे."

भाऊ पिठल्यात डोकावले. फट्! गरम ठिपका थेट मिशीवर. रडवेली मंदा खुदकन हसली.

"आता तरी पटलं का?" मी विचारलं.

मिशी पुसत भाऊ पुटपुटले, "ते पटलं हो वहिनी. पन दोन महिने मले जेवाले कोन देईन?"

घ्या! खरा ज्वालामुखी हा होता.

तिकीट कायम आहे. उद्यापासून भाऊ माझ्याकडे कणीक मळायला येणार आहेत.

तुमच्या घरी बाई प्रवासाला निघाली, की काय फुटतं हो?