गळ्यापासून खाली

अक्का रविवारी कायमची परदेशी, मुलाकडे जाणार हे कळल्यापासून शिंपीबुवांचा जीव थाऱ्यावर नव्हता. आई गेली तेव्हा ते दोन वर्षांचे आणि अक्का अकराची. तिनेच त्यांना वाढवलं. आणि तिचा धड एक फोटो घरात नव्हता. स्टुडिओत ताठ बसायला ती तयार होईना. मग बुवांनी सोमवारी एक जुना डिजिटल कॅमेराच उचलून आणला.

दुकानदाराने धडा दिला, "बटण अर्धं दाबा, थांबा, समोरचं स्पष्ट दिसलं की पूर्ण दाबा."

थांबणं हीच तर बोंब होती. बुवांचा पाय खुर्चीत बसल्या बसल्याही मशीन चालवायचा. सोमवारचा दिवस हललेल्या फोटोंतच गेला. मंगळवारी त्यांनी आपल्या शिंपीदुकानातल्या कपड्यांच्या पुतळ्यावर हात बसवला. पुतळ्याला मुळात डोकंच नाही, त्यामुळे चूक कळली ती बुधवारी, अक्काचे फोटो काढल्यावर.

"अरे, माझं मुंडकं कुठे ठेवलंस?" अक्का म्हणाली.

"तीस वर्षं माणूस गळ्यापासून खालीच बघितलाय गं. डोळा आपोआप मापावर जातो."

गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. शनिवारी हनुवटीपर्यंत मजल गेली. बुवा सारखे उठत, घड्याळ बघत, चिडत. या वयात हा नसता उद्योग कुणी सांगितला होता, असं स्वतःलाच विचारत.

रविवारी सकाळी बॅगा दाराशी लागल्या. टॅक्सी येईपर्यंत अक्का कॅमेऱ्यातले फोटो बघत बसली आणि एका फोटोवर थांबली.

"हा विकतचा ड्रेस. एका बाजूला किती ओघळलाय बघ. काय शिवतात मेले!"

"शिवण बरोबर आहे," बुवा म्हणाले. "तुझा उजवा खांदा पाऊण इंच उतरलाय. मी शिवतो त्यात गुपचूप गादी घालतो, म्हणून दिसत नाही."

"तीस वर्षं? आणि कशाने उतरला, एकदाही विचारलं नाहीस?"

"गिऱ्हाइकाला असलं विचारू नये, अक्का."

"गिऱ्हाईक म्हणे! चार वर्षांचा घोडा झालास तरी कडेवरून उतरायचा नाहीस. मग खांदा उतरला."

बुवांनी कॅमेरा उचलला. डोळा नेहमीसारखा खांद्याकडे निघाला होता, तो त्यांनी मागे ओढला आणि वर, तिच्या तोंडाकडे नेला. बटण अर्धं दाबून ते थांबले. अक्का हसत होती. खाली टॅक्सीचा भोंगा वाजला, तरी ते थांबले. मग त्यांनी बटण पूर्ण दाबलं.

दुसऱ्या दिवशी तो फोटो कागदावर उतरवून घ्यायला ते दुकानदाराकडे गेले. अक्का पूर्ण आली होती, डोक्यासकट. पण सगळं पुसट.

"बाई हलल्या वाटतं," दुकानदार म्हणाला.

"नाही," बुवा म्हणाले, "ती नाही हलली. मोठा काढून द्या."