वाणात लुटलेला गेम

तीळ भाजल्याचा वास आला की आजही मला उत्रोलीतलं ते हळदीकुंकू आठवतं आणि मान आपोआप खाली जाते.

माझ्या लेकीनं, सुमननं, वर्षभर खपून एकटीनं कॉम्प्युटरवरचा एक गेम बनवला होता. त्याच्या सीड्या ती पुण्यात दुकानोदुकानी नेऊन विकणार होती. पण तेव्हाची मी म्हणजे दीडशहाणी! लेकीचं कौतुक मिरवायची हौस दांडगी. ती बाहेरगावी गेलेली बघून मी सगळ्या सीड्या सुवासिनींना वाण म्हणून लुटल्या. गावात कॉम्प्युटर एकच, तोही आमच्याच घरात, हे डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुमन परतली. एसटीच्या थांब्यापासून घरापर्यंत हरभऱ्याच्या वावरांत तिचा गेम दोऱ्यांना लटकून लकाकत होता. शेजारची कोंडाबाई खुशीत ओरडली, "सुमे, लई झ्याक वाण दिलं गं तुज्या आईनं! एक पाखरू फिरकत न्हाई!"

सुमन चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं हळूच विचारलं, "आई, तू तरी खेळून बघितलास का गं?"

मी घाईघाईनं तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. म्हटलं, "गोड बोल."