ट्रॉलीवरची पाणबुडी

सकाळी फाटकाला काळा ऑइलपेंट लावताना त्या वासानं कारगिलच्या लढाईचं वर्ष आठवलं. पाणबुडीवर नोकरी करून निवृत्त झालेले आमचे काका लाखनीत पंधरा ऑगस्टच्या मिरवणुकीसाठी ट्रॉलीवर बांबू-पत्र्याची पाणबुडी बांधत होते. ती अर्धी रंगवून झाली, तेव्हा समितीचे अध्यक्ष आले.

"लढाई पहाडावर होऊन राहिली, फौजीभाऊ. पाणबुडी कायले? तोडा."

"समुद्रातही पहारा असते जी," काका म्हणाले.

"तो कोणाले दिसते?"

त्याच बांबूंचा पहाड झाला. तेव्हा मला नुसतं वाईट वाटलं होतं; आज संताप येतो. मिरवणुकीत काका इस्त्रीचा पांढरा गणवेश घालून रस्त्याकडेला उभे होते. पहाडावरच्या तिरंग्याला त्यांनी सलाम ठोकला. ट्रॉलीवरच्या अध्यक्षांना तो आपल्यालाच वाटला, आणि त्यांनी हसून हात हलवला.