पथ्य काही नाही

पिंपळे सौदागरला आमच्या सोसायटीच्या खाली एक दुकान आहे. तिथं जवस काचेच्या इवल्याशा बरणीत मिळतं आणि ते तब्येतीला किती चांगलं याचं पुराण बरणीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. ती बरणी बघितली की मला आधी हसू येतं आणि मग थेरगावची आमची खोली आठवते. तिथं जवस पोत्यात असायचं. लातूरकडून एसटीच्या टपावर बसून यायचं, ज्वारीच्या पोत्याच्या शेजारी. आई ते तव्यावर भाजून लसूण-मिरचीबरोबर कुटायची आणि आम्ही भावंडं त्या चटणीला नाकं मुरडायचो.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते चिंचवडला एका कारखान्यात होते. त्यांची पहिली शिफ्ट असली की भाकरी थापल्याच्या आवाजानं आम्हाला जाग यायची. रात्रपाळी असली की ते दिवसा झोपायचे आणि आई दारात बसून अजिबात आवाज न करता भाजी निवडायची. डांगे चौकातून आणलेली अंबाडी, चुका, तांदुळजा, शेपू. आम्हाला मात्र बेकरीचा पाव हवा असायचा. शाळेत बाकीच्यांच्या डब्यात जॅम लावलेला पाव आणि माझ्या डब्यात चतकोर भाकरी नि शेपू. त्या वासानं वर्गात माझी पार शोभा व्हायची. आता एखाद्या जिन्यात कुणाच्या घरून शेपूच्या फोडणीचा वास आला, तर मी उगाच पर्समध्ये काहीतरी शोधत तिथंच उभी राहते.

अशा या माझ्या आईला आतड्याचा कर्करोग झाला. अण्णा डॉक्टरांवरच चिडले. "आवं, भाकरी नि पालेभाज्या खाऊन राहिलेली बाई हाय ही. हॉटेलचं तोंड बघितलं न्हाई तिनं." डॉक्टर शांत माणूस होते. ते म्हणाले, "काका, कोंड्याचं धान्य, भाज्या, डाळी यांनी हा आजार होण्याची शक्यता कमी होते. पण कमीच होते, नाहीशी होत नाही." अण्णांना ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पटलं नाही. आईच्या आयुष्यभराच्या स्वयंपाकाचा कुणीतरी अपमान केला असं मला वाटलं.

ऑपरेशन झालं आणि सल्ल्यांना पूर आला. कुणी म्हणालं साखर बंद करा, कुणी म्हणालं दूध बंद करा, कुणी गव्हांकुराचा रस घेऊन दारात हजर. सोसायटीच्या ग्रुपवर रोज एक नवा पदार्थ कर्करोगाला पळवून लावत होता. बंद करायला सांगणाऱ्या मंडळींनी आईला शेवटी हवेवरच ठेवलं असतं. मी एकेकाला गोड बोलून वाटेला लावलं, आणि एकीला गोड न बोलता.

डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य मात्र आईनं मन लावून पाळलं. आतडं भरून येईपर्यंत भाकरी नाही, पालेभाजी नाही. मऊ भात, वरण, दही. "हे काय जेवण हाय का," असं म्हणायची आणि खायची. नंतर केमोच्या फेऱ्या सुरू झाल्या, तोंडाची चव गेली, तरी ती खातच राहिली. कुणी विचारलं की सांगायची, "पथ्य हाय मला. ते संपलं की भाकरी."

केमो संपल्यावर आहारतज्ज्ञांकडे जायचं होतं. त्या दिवशी चाकणला आमच्या कंपनीत ऑडिट होतं, त्यामुळे मी जाऊ शकले नाही. आईला घेऊन अण्णा गेले. आई रक्त द्यायला आत गेली होती, तेव्हा त्या बाईंनी रिपोर्ट बघून अण्णांना सांगितलं, "आता पथ्य काही नाही. त्यांना आवडेल ते खाऊ द्या."

घरी आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"चांगलं हाय म्हणल्या," असं म्हणून अण्णा गॅलरीत जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवसापासून घरात खाण्याची जत्रा सुरू झाली. सीताफळं आली, अंजीर आले, जिलेबी आली. मधल्याच वारी मटण आलं. ज्या माणसाला स्वतःच्या घरात साखरेचा डबा कुठे असतो ते माहीत नव्हतं, तो आईला बशीत फोडी करून देऊ लागला. लातूरहून मावशी आली, काही कारण नसताना, धपाटे आणि लोण्याचा डबा घेऊन. मला वाटलं, आजार सरला म्हणून कौतुक चाललंय. मीही हौसेनं भाकरी केली.

आणि आईनं खाणं सोडलं. सगळी बंधनं असताना चवीशिवाय गिळणारी बाई, सगळं पुढ्यात आल्यावर ताट सरकवायला लागली. चेहरा पुन्हा उतरला, ब्लाऊज ढिले झाले. एवढ्या उपचारांनी वाचवलेली आई माझ्या डोळ्यांदेखत उपासमारीनं जाते की काय, या भीतीनं माझं कामात लक्ष लागेना. मी विनवलं, रागावले. ती म्हणायची, "ठेव झाकून. खाते मागून." एका दुपारी मला जवळ बसवून तिनं अंबाडीच्या भाजीत कण्या कधी घालायच्या ते सांगितलं. मी म्हणाले, तूच कर की. तिनं कण्यांचा डबा माझ्या हातात दिला.

शेवटी मावशी ओट्यापाशी रडताना सापडली. मी खोदून विचारल्यावर म्हणाली, "डॉक्टरनी हात टेकले ना गं. पथ्य न्हाई म्हणले."

मला क्षणभर काही कळेना. आणि मग एकदम कळलं. आमच्याकडे गावात दुखणेकऱ्याचं पथ्य डॉक्टर एकदाच उठवतो. मागेल ते द्या, आता पथ्य काही नाही, असं म्हणून तो पिशवी उचलून निघतो, आणि घरचे लोक ज्यांना कळवायचं त्यांना कळवतात. अण्णांच्या आईलाही असंच गावी परत पाठवलं होतं, आणि तिला जिलेबी भरवायला माझीच आई बसली होती. त्यामुळे अण्णांनी आणलेली पहिली बशी बघूनच आई ओळखून चुकली असणार. अण्णा तिच्यापासून लपवत होते, ती अण्णांपासून लपवत होती, आणि मी शहाणी दोघांच्या मधे भाकऱ्या वाढत होते.

मी अण्णांवर ओरडले, "अहो, बरी झाली म्हणून पथ्य नाही म्हणाल्या त्या!" अण्णा माझ्याकडे बघत राहिले. माझ्यावर विश्वास ठेवायची त्यांची इच्छा होती, पण तेवढं धाडस होत नव्हतं. म्हणून दोघांनाही गाडीत घातलं आणि आहारतज्ज्ञांकडे नेलं.

त्या बाई माझ्याहून लहान होत्या. काय झालं ते ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. मग खुर्ची आईजवळ ओढून म्हणाल्या, "आजी, रिपोर्ट चांगला आहे. जखम भरलीय. अंगावर मांस चढावं म्हणून मी सगळं खा म्हणाले."

आईनं त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. "खरं असंल तर मग मला पथ्य सांगा," ती म्हणाली.

"अहो, पण गरज—"

"काहीतरी सांगा."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान हलवली. त्यांना काय समजलं कोण जाणे, पण त्या टेबलामागे जाऊन ताठ बसल्या आणि आवाज कडक करून बोलू लागल्या. दातांना लावायची तंबाखूची मिश्री बंद झालीय, ती पुन्हा हातात घ्यायची नाही. मटण सणासुदीला, तेही थोडं. फरसाण, खारी, तळण, पाकिटातलं काही रोज खायचं नाही. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, फळ यांतलं काही ना काही रोज ताटात हवंच. भाकरी मात्र हळूहळू वाढवायची. संध्याकाळी चालायचं. "याची काही हमी नसते, आजी," त्या म्हणाल्या, "पण आजार परत यायची शक्यता यानं कमी होऊ शकते. म्हणून पाळायचं."

आई एकेक गोष्ट बोटांच्या पेरांवर मोजत होती. मोजून झाल्यावर तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, "हे कुठवर पाळायचं?"

"आता जन्मभर."

"जन्मभर?"

"हो. जन्मभर."

आई अण्णांकडे वळली. "ऐकलं का तुमी?" ती म्हणाली. "जन्मभर म्हणल्या."

अण्णांनी टोपी काढून तोंडाशी धरली आणि ते ढसाढसा रडायला लागले.