आठशे जॅकेटं आणि शर्मिलाची सही

रबाळ्याच्या त्या कारखान्यात शर्मिलाचा शब्द शेवटचा. गोळी अडवणारी जॅकेटं शिवून आली की ती एकेक उलटसुलट करून पाहायची आणि पटलं तरच आतल्या पट्टीवर सही करायची. अकरा वर्षांत तिच्या सहीशिवाय एक जॅकेट गेटबाहेर पडलं नव्हतं. मालक नंदकिशोरशेठसुद्धा तिच्याशी जपूनच बोलायचे.

पण या महिन्यात बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ऑर्डर होती एका बेटावरच्या देशाची. नकाशात बोट ठेवलं तर झाकून जाईल, एवढासा देश. शेजारच्या बलाढ्य देशाच्या गस्ती बोटी त्याच्या पाण्यात शिरायला लागल्या, तेव्हा त्याने घाईघाईने आठशे जॅकेटं सांगितली. मग पर्यटक आटले, तेल महागलं, परदेशी चलनाचा खडखडाट झाला. आता नवं पत्र आलं होतं. जॅकेटं आठशेच हवीत, पण पैसे कमी, तेव्हा बगलेखालच्या प्लेटा काढा.

शिरवणे गावातल्या घरी तिने जेवणाचं ताट बाजूला सारलं. "कुठं तो देस न कुठं तू! जेव आदी," सासू पुतळाबाई म्हणाल्या. त्यांचंही खरंच होतं. पण सही हिची होती ना!

"शेठ, मी नाय करनार सही," दुसऱ्या दिवशी तिने सांगून टाकलं. "तेवढ्या पैशात पाचशेच करा, पन पुरी करा."

"अगं, अंथरूण पाहून पाय पसरताहेत ते," शेठ वैतागले. "त्यांचा कॅप्टन येतोय माल पास करायला, त्यालाच सांग. ऑर्डर गेली तर चाळीस मशिनं बंद पडतील, एवढं ध्यानात ठेव."

कॅप्टन पन्नाशीचा होता. ट्रेनिंग आपल्याकडे झालेलं, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी यायचं. शर्मिलाने त्याला जॅकेट चढवायला लावलं आणि बंदूक धरल्यासारखे हात उचलायला सांगितले. हीच तिची तपासायची रीत. हात वर गेले तशी बगलेखाली शर्टाची पट्टी उघडी पडली. तिने तिथे चार बोटं टेकवली.

"गोळी इथून जाईल," ती म्हणाली.

"माहीत आहे." त्याने हात खाली घेतले नाहीत. "आमची सगळी फौज आठशेची. पाचशे जॅकेटं नेली, तर उरलेले तीनशे कोण, ते तुम्हीच सांगा. देश एवढासा आहे, मॅडम. सगळ्यांच्या आया मला ओळखतात."

शर्मिलाला त्याचा राग आला, शेठचा आला, त्या बोटीवाल्यांचा तर फारच. मग ती टेबलापाशी बसली आणि तिने पेन मागितलं.

कॅप्टनने अंगातलं जॅकेट काढून तिच्यापुढे ठेवलं. "यावर आधी करा," तो म्हणाला. "हे माझं."

त्या पट्टीवर सही अशी वेडीवाकडी उमटली की तिची तिलाच ओळखू येईना. उरलेल्या सातशे नव्याण्णव तिने दातओठ खात केल्या.