कपडे धुवायच्या टबातला कप

माझा चहाचा कप कपडे धुवायच्या टबात ठेवलेला होता. शेजारी माझी ताटली. वर नळावर कोणाचे तरी चिखलाने भरलेले मोजे टाकले होते आणि त्यांचं पाणी कपात ठिबकत होतं.

नॅन मेरेंनी तो कप दोन बोटांनी उचलला. नॅन म्हणजे आजी, गावाच्या सामायिक जेवणघराचा सगळा कारभार या म्हाताऱ्या बाईंकडे. त्या आम्हाला पाहुणे म्हणून जेवू घालत होत्या.

"हा इथे कोणी ठेवला?"

आम्ही तिघं समोर उभे होतो. मी. माझा टीम लीड मंदारदादा. आणि त्याची आई.

ठेवला होता त्याच्या आईने. हे तिला माहीत होतं, त्याला माहीत होतं, मला माहीत होतं.

मंदारदादा हसला. "सॉरी नॅन, हिने ठेवला असेल. नवीन आहे. मी शिकवतो तिला." मग माझ्याकडे वळून मराठीत, त्याच हसऱ्या तोंडाने, "घे गं तुझ्यावर. आई म्हातारी आहे. आणि व्हिसाच्या कागदांचं टेन्शन नको घेऊस, परत गेलो की सही करतो."

मी म्हटलं, "सॉरी, नॅन."

मी म्हटलं. हे लिहितेय ते रागाने. त्यांच्यावरच्या नाही, त्या 'सॉरी'वरच्या.

नॅननी मला हाताला धरून सिंकपाशी नेलं आणि पाच वर्षांच्या पोरीला दाखवावं तसं दाखवलं. ही भांड्यांची जागा. ती कपड्यांची. हे फडकं इथलं, ते फडकं तिथलं. मी मान हलवत राहिले. मला वापरायला दिलेला तो निळा कप त्यांच्या गेलेल्या बहिणीचा होता. त्यांनी तो परत खुंटीला लावला नाही. मागच्या दाराबाहेर नेऊन ठेवला, आता त्यातून कोणी पिणार नव्हतं.

आता आधीचं सांगते.

नदीकाठी इथल्या मूळ रहिवाशांची पंधरा-वीस घरं. चारी बाजूंनी पावसाचं जंगल. इतकं दाट की दुपारी बाराला घरात दिवा लावावा लागतो. झाडाएवढे नेचे, भिंतींवर शेवाळ, गाद्यांना ओल, उघड्या पायांना चावणाऱ्या बारीक माश्या. रस्ता दरडीखाली गेलेला, त्यामुळे दवाखाना, शाळा, किराणा, सगळं बोटीने. नदी चढली की तेही बंद. नळाचं पाणी चहाच्या रंगाचं. 'पाणी उकळून प्या' ही नोटीस जेवणघराच्या दाराला लागून इतकी जुनी झालेली की तिच्यावरही हिरवं चढलं होतं. येणारा प्रत्येक साहेब तिचा फोटो काढायचा आणि परत जायचा.

इथे परदेशात, पेनरोजमध्ये असलेल्या आमच्या कंपनीला तिथे पाणी गाळायचा संच बसवायचं काम मिळालं. मंदारदादाची आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे, रोटोटुनाला आलेली. जंगल बघायला होईल म्हणून त्याने तिलाही सोबत घेतलं.

बोटीत काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, मला लाडू दिला. मग विचारलं, "आडनाव काय म्हणालीस गं?"

मी सांगितलं.

"अच्छा."

त्या 'अच्छा'ला मी बालवाडीपासून ओळखते. लाडवाचा डबा बंद झाला. मंदारदादा विषय बदलायला काठावरच्या घरांकडे बोट दाखवत म्हणाला, "हे लोक असेच गं. दिलं की खायचं, नाही दिलं की रडायचं. हीप्स ऑफ फंडिंग येतं यांना." हेही वाक्य मला पाठ होतं. ते आमच्या वस्तीबद्दल ऐकत मी मोठी झाले.

आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाप मोर्चाला जायचा आणि उरलेली पत्रकं घरी आणायचा. पिवळ्या, गुलाबी कागदांवर मी अक्षरं शिकले. माणूस म्हणजे काय हे मला शाळेच्या धड्याआधी त्या कागदांनी सांगितलं. तरी बोटीत मी गप्प बसले. कंपनीने शिफारस केली तर व्हिसा, व्हिसा तर नोकरी, आणि शिफारशीवर सही मंदारदादाची.

पहिल्याच दिवशी नॅननी सगळ्यांना नियम सांगितला होता. खाण्यापिण्याची भांडी एकीकडे धुवायची. अंग, कपडे, मोजे दुसरीकडे. दोन्ही कधी एकत्र येऊ द्यायचं नाही. काकू खूश झाल्या. "आपल्यासारखंच सोवळं आहे हो यांचं," लेकाला म्हणाल्या. आणि त्याच दुपारपासून माझा कप, माझी ताटली त्यांच्या भांड्यांतून वेगळी काढून मागच्या टबात नेऊन ठेवू लागल्या. त्यांना वाटलं, नॅनना हे पटेलच.

नाही काकू. त्या घरात नियम भांड्याला आहे. तुमच्या घरात तो मला आहे. नॅनचा नातू, बोटवाला, मी, तुम्ही, सगळ्यांचे कप तिथे एकाच सिंकमध्ये एकमेकांवर आपटतात.

नॅनना टबात कप सापडला त्याच्या दुसऱ्या सकाळी संच सुरू झाला, तेव्हा पाऊस थांबला होता. अख्खं गाव जेवणघरात जमलं. प्रार्थना झाली. नळाखाली काचेचा जग धरला आणि पाणी स्वच्छ आलं. एक पोरगी ओरडली, "त्याच्यातून माझा हात दिसतोय!" लोक हसले, एक-दोघं रडले. मग रीतीप्रमाणे प्रत्येक पाहुण्याने उभं राहून दोन शब्द बोलायचे. मंदारदादा त्यांच्या भाषेतला नमस्कार, 'किया ओरा' म्हणाला, सगळ्या टीमच्या कामाचं श्रेय घेतलं आणि बसला.

मी उभी राहिले. पाईप माझ्या हातांनी जोडले होते. चार दिवस कमरेएवढ्या चिखलात मी होते. बोटांत अजून माती होती.

"नॅन, तो कप मी ठेवला नव्हता."

"ए," मंदार मराठीत म्हणाला, "आपण नंतर बोलू."

"नंतर नाही. इथेच."

मी सांगितलं. आडनाव म्हणजे काय, अच्छा म्हणजे काय, वेगळा कप म्हणजे काय. साध्या इंग्रजीत. नॅन काकूंकडे वळल्या. "हे खरं आहे?"

काकूंना प्रश्न कळला होता. त्या मराठीत म्हणाल्या, "आमच्या घरात जशी पद्धत आहे तसंच केलं मी. त्यात हिला एवढं लागायला काय झालं?"

नॅननी मंदारकडे पाहिलं. त्याने भाषांतर केलं नाही. मग मी केलं. शब्दाला शब्द. 'हिला एवढं लागायला काय झालं' हेसुद्धा.

 नळ चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

मला वाटलं नॅन मला जवळ घेतील. त्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे काल तू माझ्याशी खोटं बोललीस. माझ्या बहिणीच्या कपाबद्दल."

"हो."

"त्यांच्यासाठी."

"हो."

तो 'हो' टबातल्या कपापेक्षा जास्त लागला. टबात त्यांनी माझा कप ठेवला होता. त्यांच्या घाणीवर झाकण मी ठेवलं होतं.

परतीच्या बोटीत कोणी लाडू काढला नाही.

ऑफिसात मंदारने याला 'कल्चरल गैरसमज' असं नाव दिलं. कागद त्याच्या टेबलावर आहे. सही झालेली नाही. विचारलं की म्हणतो, "बघतो." बघ. मी तुझ्या दारात येणार नाही. इथल्या मराठी मंडळाच्या दारात येणार आहे.

पुढच्या महिन्यात पापाकुराच्या हॉलमध्ये मंडळाचा कार्यक्रम आहे. मंदार कमिटीवर. काकू पहिल्या रांगेत. 'जंगलातल्या नदीकाठचे अनुभव' या विषयावर मी नाव दिलंय, आणि कमिटीने आनंदाने छापलंही. सगळ्यांना फोटो हवेत. फोटो दाखवीन. नोटीस दाखवीन, शेवाळासकट. मग टब दाखवीन.

आणि इंग्रजीत बोलेन. कारण पुढे सतरंजीवर तुमची मुलं बसतील, जी मराठी ऐकतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. एक शब्द त्यांच्या कानाबाहेर जायला नको. मंदारची मुलगी नऊ वर्षांची आहे. ती घरी जाऊन आजीला विचारेल, कप का वेगळा ठेवलास? तिला उत्तर तुम्ही द्या. मी तिथे भाषांतराला नसेन.

माझी आई फोनवर म्हणाली, "लहान लेकरांना यात ओढू नकोस, बाई."

आई, मला ओढलं तेव्हा मी पाच वर्षांची होते. पाणी वरून ओतायचे आणि मी ओंजळ धरायचे. तेव्हा कोणी म्हटलं नाही, लेकरू आहे.

सही होवो न होवो. मी नावं घेऊन सांगणार.