कापलेला कोपरा

भीती म्हणजे काय असं मला कुणी विचारलं, तर मी भूतखेत सांगणार नाही. निळं हवाई पत्र सांगेन. इतकी वर्षं झाली, पण अजून कसलंही पत्र हातात आलं की मी आधी त्याचे चारी कोपरे बघते, मग पत्ता.

लग्नानंतर दोन वर्षं मी एडनला संसार केला. साठच्या दशकातली गोष्ट, एडन तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं. माझं माहेर भोरचं, वडील शिंपीकाम करायचे, मी सातवी पास. सासर मात्र वेल्ह्याच्याही पलीकडं, पासलीजवळच्या एका वाडीत. तिथं सातवी पास सून म्हणजे सगळ्या वाडीचे कागद वाचून देणारी. हे मुंबईच्या गोदीत फिटरचं काम शिकले आणि एका ओळखीनं एडनच्या बंदरात बोटी दुरुस्त करायला लागले. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, एडनला 'येडन' म्हणायच्या आणि ते मुंबईच्या थोडं पुढं असावं असं धरून चालायच्या. मीही सांगायला गेले नाही. मध्ये किती समुद्र आहे हे त्यांना कळून काय उपयोग होता?

एडनला आम्ही एका बोळात माडीवर राहायचो. खाली कापडवाले गुजराती शेटजी, शेजारी हॉटेलात स्वयंपाक करणारा गोव्याचा एक जण आणि समोरच्या खोलीत मलबारी कारकून. सगळे आपापला मुलूख सोडून आलेले. रात्रीच्या जेवणाआधी शेटजींच्या रेडिओवर बातम्या लागायच्या आणि ही मंडळी त्याच्याभोवती बसायची. चहा मी करायचा. शेटजी म्हणायचे, इंग्रज कुठं जात नाही, फायदा आहे तिथं तो खिळा ठोकून बसतो. गोव्याचा स्वयंपाकी म्हणायचा, बघाच तुम्ही, एक दिवस ताटावरून उठून जाईल आणि आपल्याला सांगणारसुद्धा नाही. कारकुनाला तर थेट मॉस्को आणि वॉशिंग्टनचीच काळजी. जगाचं असं सगळं ठरवून झालं की मग खरं बोलणं सुरू व्हायचं. उद्या नळाला पाणी किती वाजता, मुंबईच्या बोटीतून कांदा उतरला का, कर्फ्यू लागायच्या आत पाव कोण आणणार. हे जगाबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत, पाव आणायला मात्र हेच जायचे. मला राग यायचा. अहो, वॉशिंग्टनचं काय घेऊन बसलात, खाली बोळात काय चाललंय ते बघा की.

बोळात इंग्रजांचे शिपाई आणि त्यांना घालवायला उठलेले लोक यांच्यात गोळ्या चालायच्या. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. एकदा मीच पाव आणायला गेले. बेकरीच्या दारात एक माणूस पिठाच्या पोत्याला टेकून बसला होता. मला वाटलं, बिचारा दमलाय. जवळ गेले तर पोत्याचं पीठ एका बाजूनं लाल झालेलं. मी पाव न घेता घरी आले. तेव्हा मला दिवस गेले होते. ह्यांनी शिमग्याच्या सुमाराला मला बोटीत बसवलं आणि म्हणाले, "मी आलोच मागनं." कारखान्यातून सुटका झाली आणि बोटीत जागा मिळाली की निघणार, असं ठरलं होतं. पण पुढं सुएझचा कालवा बंद झाला, बोटी यायच्या थांबल्या, आणि ते 'मागनं' लांबतच गेलं.

वाडीत येऊन मी सुखात पडले म्हणावं, तर तसंही नाही. आत्याबाईंना एडन ठाऊक नव्हतं म्हणून त्या झोपायच्या. मला तो बोळ ठाऊक होता, बेकरीचं दार ठाऊक होतं. भाकरी थापताना मनात यायचं, आता तिथं किती वाजले असतील, आता हे पावाला निघाले असतील.

पत्र पंधरा दिवसांनी यायचं. टपाल खालच्या गावातल्या शाळेत उतरायचं, तिथले गुरुजीच पोस्ट सांभाळायचे, आणि वाड्यांवर वाटायला एक टपालवाला होता. भला माणूस, पण परदेशी तिकिटांचं भारी वेड. पत्रावरचं तिकीट मागायला अडीच मैल चढून यायचे. एकदा भर पावसात आले, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. मला कणव आली. मी म्हटलं, "गुरुजी, कशाला तंगडतोड करता, तुमीच खाली काढून घेत जावा की." बोलले आणि विसरूनही गेले. जिभेला हाड नसतं ते असं.

भातलावणी चालू होती. सातवा महिना लागल्यामुळं मला खाचरात उतरू देत नव्हते. मी घरी भाकऱ्या करून दुपारी शेतावर न्यायची. त्या दिवशी टोपली डोक्यावर घेऊन बांधावर आले तर सगळ्या बाया लावणी सोडून उभ्या. एरवी वाकलेल्या पाठी दिसतात, त्या दिवशी सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. चुलतसासरे बांधावर डोकं धरून बसलेले. आत्याबाई खाचराच्या मध्यात, हातात भाताच्या रोपांची मूठ तशीच. आणि माझ्या पायाशी, खाचराच्या गढूळ पाण्यावर, एक निळा तुकडा तरंगत होता.

तो निळा रंग मी ओळखला. टोपली कशी खाली ठेवली आठवत नाही. विचारलं, माझं पत्र कुणी फाडलं?  आत्याबाई म्हणाल्या, "त्याला कोपरा न्हवता, पोरी."

आमच्याकडं मयताची खबर पाठवायची तर पत्राचा कोपरा फाडून पाठवतात. असलं पत्र उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही, बाहेरच वाचायचं आणि लगेच फाडून टाकायचं. टपालवाल्यानं ते शेतावरच चुलतसासऱ्यांच्या हातात दिलं होतं आणि तो मान खाली घालून निघून गेला होता. आता वाचणार कोण? वाडीत वाचणारी मी एकटी, आणि मी पोटुशी. म्हाताऱ्यानं विचार केला, कोपरा नाही म्हणजे खबर तर कळलीच, हिच्या डोळ्यांपुढं कागद कशाला? फाडून टाकलं पाण्यात. माझ्या भल्यासाठीच केलं हो त्यांनी. पण त्या क्षणी मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

मी तशीच खाचरात उतरले. कुणी धरायला आलं त्याला झिडकारलं. सहा तुकडे सापडले. बाकीचे पाटाच्या पाण्याबरोबर खालच्या खाचरात आणि तिथून ओढ्याला गेले. तुकड्यांवर अक्षर ह्यांचंच होतं, तिरकं, घाईचं. 'पाणी आता तीन दिवसांनी'. 'कांदा औषधालाही नाही'. 'शेटजी अजून म्हणतात की इंग्रज'. मी ओरडले, अक्षर ह्यांचं आहे, म्हणजे हे आहेत. आत्याबाई जवळ आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण तुकड्यांकडं खूप वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "लिवलं त्यानं. मग कोपरा कुणी काढला?"

 हा विचार मला सुचलाच नव्हता. पत्र लिहून खिशात ठेवलं असेल, टाकायला म्हणून बोळातून निघाले असतील. नंतर कुणीतरी ते खिशातून काढून, कोपरा फाडून, पेटीत टाकलं असेल. शेटजींनाही ही रीत माहीत होती. मला तो बोळ दिसायला लागला, बेकरी दिसायला लागली, आणि पिठाच्या पोत्याला टेकलेल्या माणसाचं तोंड आता ह्यांचं दिसायला लागलं.

संध्याकाळी बाया घरी आल्या. कशाला आल्या ते मला कळलं, त्या माझ्या हातांकडं बघत होत्या. आत्याबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "माझ्या लेकाला कुणी डोळ्यांनी बघितलंय का? तवर हिच्या बांगड्यांना हात लावायचा न्हाई," म्हणाल्या. बाया गेल्या. आत्याबाईंनी त्या दिवसापासून अन्न सोडलं. कोरा चहा आणि पान, एवढंच. विचारलं तर म्हणायच्या, गिळवत न्हाई.

दुसऱ्या दिवशी चिखल तुडवत वेल्हे, तिथून एसटीनं नसरापूर आणि मग भोर. तार करायला आम्ही दोघी गेलो. तारेत लिहिलं, खुशाली ताबडतोब कळवा. तारमास्तर म्हणाले, तिकडच्या तारांचं काही खरं नाही, जाईल तेव्हा जाईल. वडिलांच्या दुकानात बसलो तर शेजारच्या हॉटेलात रेडिओ चालू, आणि चार रिकामटेकडे एडनवरच बोलत होते. इंग्रज जाणार, नाही जाणार. एक जण म्हणाला, चार माणसं मेल्याशिवाय कुठं स्वातंत्र्य मिळतंय? अगदी शेटजींच्या रेडिओभोवतीचीच बैठक. मी उठून त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "त्या चारांत माझा माणूस असला तर?" एकानं उठून रेडिओ बंद केला. वडिलांनी मला हात धरून आत नेलं.

मग नुसतं थांबणं. तारेचं उत्तर नाही. रोज दुपारी टपालवाला लांबून हातानंच नाही म्हणायचा. पोटातलं पोर हलायचं आणि मला त्याचीच भीती वाटायची, की हे बापाविना येतंय. आत्याबाई वाळत चालल्या होत्या. सहाव्या दिवशी मी ते तुकडे भाताच्या पेजेनं एका जुन्या वहीच्या पानावर चिकटवायला बसले. दुसरं काय करणार? जुळवता जुळवता एका तुकड्यावर बोट थांबलं. त्याच्या तीन कडा फाटलेल्या, केसाळ. चौथी मात्र सरळ, सुरीनं चिरल्यागत. माणूस मेल्यावर कोपरा हातानं फाडतात. कात्री कोण घेतं?

मी आत्याबाईंना विचारलं, कोपरा कुठला नव्हता? त्यांनी उजवा हात वर केला. "ह्यो. वरचा."

तिकिटाचा कोपरा. माझंच बोलणं मला आठवलं, 'तुमीच खाली काढून घेत जावा', आणि मी तशीच शाळेकडं निघाले. पण शाळेला कुलूप होतं. गुरुजी पत्र ज्या दिवशी आलं त्याच दिवशी बायकोच्या बाळंतपणासाठी आपल्या गावाला गेले होते, टपाल तेवढं टपालवाला बघत होता. आत्याबाईंना मी काही सांगितलं नाही. माझा अंदाज चुकला असता तर त्या दुसऱ्यांदा मेल्या असत्या. ते दोन दिवस आधीच्या सहांपेक्षा वाईट गेले. आधी नुसती भीती होती, आता तिच्यात आशा मिसळली होती आणि ती झोपूच देईना.

गुरुजी आले त्या दिवशी मी खाली उतरले. मला बघून हसले, म्हणाले, जहाजाच्या चित्राचं फार सुरेख तिकीट होतं हो ह्या खेपेला, तुम्ही म्हणालात म्हणून मीच कापून घेतलं. मी भिंतीला धरून रडायला लागले. सगळं ऐकल्यावर त्या माणसाचं तोंड पांढरं पडलं. त्यांनी तिकिटांची वही काढली. जहाजाचं तिकीट पानावर पक्कं डकवलेलं. हवाई पत्राची आतली बाजू म्हणजे लिहायचीच बाजू, तेव्हा त्या तुकड्यामागं ह्यांचं अक्षर असणार होतं. गुरुजींनी वाटीत पाणी घेऊन तो तुकडा भिजवला, अलगद सोडवला. शाई पसरली होती. एवढंच वाचता आलं: 'बोटीत जागा मिळाली. आईला'. पुढं सगळा निळा डाग.

मी वाडीवर कशी चढले, मलाच माहीत. आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या. मी तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि गुरुजींचं सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. तुकडा उलटा-सुलटा करून म्हणाल्या, "आईला काय लिवलंय?"

मी त्यांच्या गालफडांकडं बघितलं. म्हटलं, "आईला म्हणावं, पोटभर जेव."

आत्याबाईंनी ताट ओढलं. भात, आमटी, वर ठेचा. मी समोर बसून वाढत राहिले. जेवण झाल्यावर तो तुकडा त्यांनी पानाच्या चंचीत ठेवून दिला.

हे आले गौरी-गणपतीच्या आधी दोन दिवस. दाढी वाढलेली, अंगात नुसती हाडं. तार त्यांना मिळालीच नव्हती. गर्दी ओसरल्यावर मी हळूच विचारलं, आईला म्हणून पुढं काय लिहिलं होतं? हे आठवून म्हणाले, "आईला सांगू नकोस, असं लिहिलं होतं. बोट सुटेल न सुटेल. उगं वाट बघत बसली असती."

त्यानंतर आत्याबाई चौदा वर्षं जगल्या. रानातून यायला ह्यांना कधी उशीर झाला की त्या खुशाल जेवायला बसायच्या आणि आल्यागेल्याला सांगायच्या, माज्या लेकानं येडनवरनं लिवलंय, पोटभर जेव म्हणून. हे दारातून ऐकायचे आणि माझ्याकडं बघायचे. एकदाच म्हणाले, तिला खरं सांगून टाकू का? मी म्हटलं, खबरदार. त्या गेल्या तेव्हा चंचीतला तुकडा मी काढून घेतला. त्यावर आता जहाजही दिसत नाही आणि अक्षरही.